ब्रूनोला जरूर न्या, पण भंडारदऱ्याला नको आणि मोकळा तर नकोच

तुमचा प्रश्न असा आहे: ब्रूनो अडीच वर्षांचा लॅब्राडोर, वजन बत्तीस किलो, घर गंगापूर रोडला. दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन भंडारदऱ्याला जायचं, रतनवाडीत तलावाकाठी तंबू ठोकायचा आणि एक दिवस कळसूबाई करायचं. तो हाकेला येतो, मग जंगलात मोकळा सोडला तर चालेल का? पाण्यात उतरू द्यावं का? सोबत औषधं कुठली ठेवावीत?

नाशिकमध्ये जनावरांची डॉक्टर म्हणून मला बावीस वर्षं झाली, आणि त्यातली निदान अठरा वर्षं कुत्रा सोबत घेऊनच डोंगर फिरले आहे. आधी शेरू होता, आता तांब्या आहे. दोघंही गावठी. नकाराचं आधी सांगून टाकते.

कळसूबाई, रतनवाडी, रतनगड, साम्रद, सांदण, घाटघर हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे कुत्रा न्यायचा नाही. नाक्यावर पावती फाडताना गाडीत मागे कोण बसलंय हे कुणी पाहिलं नाही, म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. आणि हा नुसता कायद्याचा प्रश्न नाही. आपल्या कुत्र्यांचे आजार रानातल्या जनावरांना लागतात. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा मूळचा कुत्र्यांचा आजार. शिवाय कुत्रा जिथे जिथे मुततो तिथे ससा, भेकर, खवल्या मांजर यांच्या लेखी एक शिकारी येऊन गेलेला असतो. याच हिशेबाने नांदूर मध्यमेश्वरही वगळा. तेही अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि थंडीत तिथे बदकं उतरलेली असतात. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तिथल्या कड्यांवर गिधाडं आहेत, तेही सोडा. हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर माणसांचीच तारांबळ उडते. तिथे कुत्रा पाठुंगळी बांधून नेणारे लोक मी पाहिले आहेत. फोटो छान येतो, बाकी काही नाही.

मग जायचं कुठे? माझं मत विचाराल तर वैतरणा. घोटी आणि त्र्यंबकच्या मधला अप्पर वैतरणाचा फुगवटा. पाऊस सरला की काठाला गवताळ पठारं मोकळी होतात, मुरमाच्या गाडीवाटा आहेत, चढ-उतार बेताचा, आणि पाणी सतत नजरेत. मध्येच सागाचे, ऐनाचे, आंब्याचे पट्टे लागतात, म्हणजे सावली मिळते. गावाला लागून असलेल्या वाटेवरच चाला. झाडीत आत शिरायचं असेल तर वनरक्षकाला विचारून. जवळचं हवं असेल तर कश्यपीचा काठ आहे, पण शनिवार-रविवार तिथे गाड्यांमधली गाणी ऐकत चालावं लागतं. भावली धरण पावसाळ्यात जत्रा असते, थंडीत सुंदर. रामशेज अर्ध्या दिवसाचा, सरावाला उत्तम. फक्त वर रामाचं मंदिर आहे, कुत्रा घेऊन त्या बाजूला जाऊ नका, एकाने खाली थांबा.

आता मोकळं सोडण्याचं. ब्रूनो हाकेला येतो यावर माझा विश्वास आहे. तो घरात येतो, गच्चीवर येतो, बहुतेक जॉगिंग ट्रॅकवरही येत असेल. कारण तिथे तुमच्या हाकेपेक्षा जास्त ओढ लावणारं काही नसतं. कारवीतून रानडुक्कर खसफसलं की कुत्र्याचे कान तिकडे असतात आणि तुमचा आवाज वाऱ्यासारखा मागे राहतो. शेरूही हाकेला येणाराच होता. त्र्यंबकच्या बाजूला एका सकाळी तो डुकरामागे गेला आणि तीन तासांनी परत आला तो मागच्या पायात तारेचा फास घेऊन. फास डुकरासाठी लावला होता, शेरूने तार तोडली म्हणून वाचला. पायाला टाके मीच घातले, आणि तेव्हा हात थरथरत होते हेही सांगते. डुकरासाठी पिठात गुंडाळलेले गावठी बॉम्ब ठेवणारेही असतात. असा गोळा चावलेला कुत्रा माझ्या टेबलावर आला आहे. त्याचं वर्णन करत नाही.

म्हणून दोरी. गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीला बसणाऱ्या आणि पाठीवर मूठ असलेल्या हार्नेसला. कातळाच्या पायरीवर मुठीने उचलून घेता येतं. वाटेवर दोन मीटरची दोरी, आणि मोकळ्या काठावर हुंदडायला दहा मीटरची सुती लांब दोरी. आपोआप गुंडाळणारी, डबीतली दोरी घरी ठेवा. ती झुडपात अडकते आणि ऐन वेळी हात कापते. लांब दोरीवर कुत्र्याला मोकळं असल्यासारखंच वाटतं. खरं दुःख आपल्यालाच होतं, कारण कुत्रा रानात उधळतोय हे चित्र आपल्याला हवं असतं.

दोरीचं दुसरं कारण पाड्यावरची माणसं. वाटेत शेळ्या भेटतील, कोंबड्या भेटतील, खळ्यावर भात झोडणं चालू असेल. बत्तीस किलोचा लॅब्राडोर खेळायला म्हणून कोंबडीमागे धावला तरी कोंबडी मरतेच. गावची कुत्री अंगावर येतील तेव्हा ब्रूनोला जवळ घ्या, थांबा, आणि घरातल्या माणसाला हाक द्या, "मावशी, जरा कुत्री आवरता का?" दोन मिनिटांत प्रश्न सुटतो. दगड उचलू नका, त्यांच्याच दारात त्यांच्याच कुत्र्यावर दगड उगारणारा पाहुणा कुणाला आवडेल?

तंबू. हा बेत मोडावाच लागेल. अकोले परिसरात, म्हणजे तुम्ही जायचं म्हणत होतात त्याच तालुक्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि एकटा कुत्राच ३९ टक्के. शेळीपेक्षाही जास्त. नाशिक जिल्ह्यात बिबट्या काही नवा नाही, निफाड-सिन्नरच्या उसात त्याची पिल्लं वाढतात. वैतरणा-इगतपुरीचा पट्टाही त्याचाच. दिवसा चालणाऱ्या चार माणसांच्या टोळक्याजवळ तो सहसा फिरकत नाही. रात्री तंबूबाहेर बांधलेला कुत्रा मात्र त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. पडवीत बांधलेले कुत्रे उचलल्याच्या तक्रारी मी खेड्यापाड्यांतून वर्षानुवर्षं ऐकते आहे. तंबूच्या आत घेतला तरी एका कापडापलीकडे वास आणि भुंकणं दोन्ही जातंच, आणि मग मधे तुम्ही असता. मुक्काम करायचाच तर पक्क्या भिंती आणि कडी असलेली खोली बघा. कुत्रा चालेल का हे घरमालकाला आधी फोनवर स्पष्ट विचारा. लघवीला रात्री शेवटचं साडेआठ-नऊला, दोरीवर, बॅटरी घेऊन, दोघांनी मिळून. सकाळी उजाडल्यावरच बाहेर.

पाण्यात उतरू द्यायला माझी हरकत नाही. लॅब्राडोरला तलावाकाठी नेऊन कोरडा ठेवणं हा छळ आहे. पण धरणाचं पाणी नदीच्या डोहासारखं नसतं. दिवाळीनंतर पाणी जसं खाली सरकतं तसा काठाला गाळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा मऊ असतो. कुत्रा पोटापर्यंत रुततो आणि त्याला काढायला गेलेला माणूस मांडीपर्यंत. म्हणून खडकाळ किंवा मुरमाड उतार निवडा, आधी काठीने टोचून बघा. मासेमारीची जाळी पाण्याखाली दिसत नाहीत. तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने दिसल्या तर तिथे जाळं आहे असं समजा आणि दुसरीकडे जा. काठावर टाकून दिलेले गळ असतात, त्यांना माशाचा वास असतो आणि लॅब्राडोर म्हणजे पोटावर चार पाय लावलेला प्राणी. धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्यात आणि खालच्या पात्रात तर अजिबात उतरायचं नाही, पाणी केव्हा सोडतील याचा भरवसा नाही.

पाण्यातून काठी आणण्याचा खेळ दहा मिनिटं, मग विश्रांती. तोंड उघडं ठेवून पोहणारा कुत्रा प्रत्येक फेरीला पाणी गिळतो. फार गिळलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, कुत्रा झिंगल्यासारखा चालायला लागतो, ओकतो, झटकेही येऊ शकतात. हे लोकांना माहीतच नसतं. उन्हाळ्यात साचलेल्या कोपऱ्यांत पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर ते शेवाळ विषारी असू शकतं, त्या पाण्यात पायही नको.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ऊन. लोकांना बिबट्याची भीती वाटते, पण मी गमावलेले कुत्रे बहुतेक उन्हाने गमावले आहेत, आणि तेही मे महिन्यात नव्हे, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत, जेव्हा आपल्याला हवा छान वाटते. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याचा घाम फक्त पंजांच्या गाद्यांना, बाकी सगळा भार धापेवर. ब्रूनोच्या अंगावर दुहेरी केस आहेत, आणि काळा कातळ दहा वाजताच तापतो. तळहात कातळावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसला नाही तर त्यालाही सोसत नाही. आणि कुत्रा थकलो म्हणत नाही. तुम्ही पुढे चालताय तोवर तो मागे येत राहणार.

म्हणून त्याच्या वतीने तुम्ही बघायचं. धाप नेहमीची असेल तर जीभ लवचीक असते, मधूनमधून तोंड मिटतं. जीभ टोकाला चमच्यासारखी पसरली, हिरड्या विटकरी लाल झाल्या, लाळ चिकट व्हायला लागली, सावली दिसली की तो बसायला बघतो, तर ट्रेक तिथेच संपला. अंगाचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या पुढे आतले अवयव भाजायला लागतात. अशा वेळी दवाखान्याकडे पळण्याआधी गार करा. जवळ असेल ते साधं पाणी सगळ्या अंगावर, पोटावर, मांड्यांमध्ये ओता, टोपीने वारा घाला, पुन्हा ओता. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गोधडीचं काम करतो. घशात जबरदस्तीने पाणी ओतू नका. थर्मामीटर जवळ असेल तर मागून लावून बघा, साडेएकोणचाळीसला आलं की ओतणं थांबवा, मग गाडीत एसी लावून निघा. बरा दिसला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडाचं आणि रक्ताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं.

पाणी किती? बसून असलेल्या कुत्र्याला किलोमागे साधारण पन्नास मिली दिवसाला लागतं. चालताना दुप्पट धरा, म्हणजे ब्रूनोसाठी तीन लिटर, तुमचं वेगळं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं. पोटभर खाऊन चढायला लावू नका. मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा बसू शकतो. निघण्याच्या आधी तीन तास हलकं खाणं, मुख्य जेवण परतल्यावर तासाभराने.

पावसाळा संपल्यावर जाताय म्हणजे कुसळांशी गाठ आहे. आपल्या पायजम्याला जी काळी टोकदार कुसळं चिकटतात तीच. त्यांना एका दिशेची खाच असते, पुढे जातात, मागे येत नाहीत. बोटांच्या बेचक्यातून आत शिरतात, कानात उतरतात, नाकात जातात. गेल्या वर्षी एका कुत्र्याचा पाय दीड महिना सुजत होता, प्रतिजैविकं घेतली की बरा, थांबवली की पुन्हा पू. शेवटी चीर देऊन कुसळ काढलं ते बोटांपासून चार इंच वर. तांब्याच्या कानात गेलं होतं तेव्हा तो वाटेतच मान वाकडी करून डोकं झटकायला लागला, म्हणून लगेच कळलं. निघण्याआधी बेचक्यांतले आणि कानाखालचे केस कापून घ्या. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत असलेली वाट टाळा, गाडीवाट धरा. दर थांब्यावर पंजे उलटे करून बघा. परत आल्यावर जोराने सलग शिंकत असेल, डोळा मिटत असेल किंवा कान खाजवत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

गोचिडांसाठी चघळायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर तर काही बारा आठवडे काम करतात. तुमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या, जाण्याच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी. झटक्यांचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अंगावर सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, चुना, पेटती काडी, हे प्रयोग नकोत. जाऊन आल्यावर एक ते तीन आठवड्यांत ब्रूनो मलूल झाला, जेवण सोडलं, हिरड्या फिकट पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर रक्त तपासा आणि डॉक्टरांना "आम्ही रानात गेलो होतो" हे वाक्य आठवणीने सांगा.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या आजाराचं, तुम्ही विचारलं नाही, पण साचलेल्या पाण्यात, चिखलात उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून तो येतो आणि माणसालाही होतो. लस पहिल्यांदाच देत असाल तर दोन डोस लागतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पुढे दरवर्षी एक. आज गणपतीचे दिवस आहेत. पहिला डोस या आठवड्यात दिलात तर दिवाळीपर्यंत बसतं. रेबीज आणि डिस्टेंपरच्या तारखाही तेव्हाच बघून घ्या.

सापाच्या बाबतीत कुत्रा वास घ्यायला जातो, त्यामुळे चावा नाकावर किंवा पुढच्या पायावर असतो. आपल्याकडचं सर्पविषविरोधी इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. घाटात सापडणाऱ्या हिरव्या चापड्यावर ते लागू पडत नाही, तिथे बाकीचे उपचार करावे लागतात. आवळून बांधणं, चीर देणं, काहीही करू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत आणा. बत्तीस किलो एकट्याला उचलत नाहीत, म्हणून एक जाड चादर ठेवा, दोघांनी चार कोपरे धरून न्यायचं. आणि खरी अडचण वेगळीच असते: हे इंजेक्शन प्रत्येक खासगी दवाखान्यात ठेवलेलं नसतं. निघण्याच्या आदल्या दिवशी नाशिकमधल्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करून कोणाकडे आहे आणि रात्री कोण उघडतं हे विचारून नंबर लिहून ठेवा. औषधांच्या पेटीत हा कागद पहिला. मग थर्मामीटर, चिमटा, गॉज, चिकटणारी पट्टी, पोव्हिडोन आयोडीन, सलाईनची छोटी बाटली. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या नाहीत. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत.

नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विष आहेत, काही कुत्र्यांची मूत्रपिंडं मूठभर मनुक्यांनीही बंद पडतात. आपल्या प्रत्येक सॅकमध्ये सुकामेव्याची पुडी असते आणि लॅब्राडोरला चेन उघडता येते. तुम्ही बदाम आणि गूळ-शेंगदाणे घ्या. गिरणारे-दिंडोरीकडून जात असाल तर बागांच्या बांधावरच्या टाक्यांमधलं पाणी पिऊ देऊ नका. ते फवारणीचं असतं, मोरचुदाचं असतं, कशाचंही असू शकतं.

आग्या मोहोळ दिसलं की मागे फिरा. माकडांसमोर खाणं काढू नका. एवढंच.

तर बेत असा करा. पुढचे सहा आठवडे दर रविवारी मातोरी-गिरणाऱ्याकडच्या मातीच्या वाटांवर सराव, तीन किलोमीटरपासून आठपर्यंत. गादी कडक व्हायला माती-दगडावर चालावंच लागतं, डांबरी रस्त्यावरचा कुत्रा कातळावर पहिल्याच दिवशी सोलवटतो. ट्रेकच्या दिवशी पहाटे पाचला घर सोडा, उजाडता वैतरणाच्या काठाला, साडेदहापर्यंत सहा-सात किलोमीटर, मग आंब्याखाली झोप. चारनंतर पाण्यात एक डुबकी आणि सूर्य मावळायच्या आत खोलीत. शी त्याने केली तर पाण्यापासून लांब खड्डा करून पुरा, ते पाणी कुणीतरी पितं. दुसऱ्या दिवशी भावलीच्या काठाने तासभर, आणि घरी.

घरी आल्यावर कान आतून कापसाने कोरडे करा, नाहीतर आठवड्यात कान खाजायला आणि वास यायला लागेल. आणि सोमवारी सकाळी ब्रूनोची शेपूट बुडाजवळ थोडी आडवी आणि पुढे मेल्यासारखी लोंबत असेल तर मोडली म्हणून घाबरू नका. गार पाण्यात खूप पोहलेल्या लॅब्राडोरांचं असं होतं, स्नायू ताणले जातात. हात लावू देणार नाही, बसताना कण्हेल. डॉक्टरांना एकदा दाखवा, विश्रांती द्या. तीन-चार दिवसांत ती पुन्हा तुमच्या टीपॉयवरचे कप पाडायला लागेल.